कृषी सल्ला : ओढ्याची तब्येत दगडाखाली बघा

प्रश्न : ओढ्याचं पाणी नितळ दिसतं, टीडीएस मीटरवर आकडाही कमीच येतो. तरी खेकडे आणि बारके मासे पूर्वीसारखे राहिले नाहीत. ओढा बिघडलाय का, हे आमचं आम्हाला कसं कळेल? (पन्हाळा-गगनबावडा भागातील ऊस आणि भात उत्पादक)

उत्तर : मीटरवर भरवसा ठेवू नका. तो पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो, आणि डोंगरातून नुकत्याच उतरलेल्या पाण्यात क्षार मुळातच थोडे असतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक माशांना आणि पाणकिड्यांना अगदी सूक्ष्म प्रमाणातही मारतं. तेवढ्यानं मीटरचा आकडा हलतसुद्धा नाही. शिवाय आज ओढ्यात धुतलेल्या पंपाचं पाणी उद्या कासारी-कुंभी नद्यांतून पंचगंगेकडे गेलेलं असतं. बाटलीत नमुना घेऊन काय सापडणार? दगडाखालचे किडे मात्र तिथेच महिनोन् महिने राहतात. त्यामुळे मागे काय घडून गेलं, ते त्यांच्याकडे बघून कळतं.

दिवाळीनंतर ओढ्याचा जोर ओसरला की हे काम करा. मोठ्या पावसानंतर लगेच बघू नका, कारण पुरात किडे वाहून गेलेले असतात. पाणी खळखळत वाहतं अशी पोटरीभर खोलीची जागा निवडा. मच्छरदाणीचा तुकडा दोन काठ्यांना बांधून प्रवाहात आडवा धरा आणि त्याच्या वरच्या अंगाला दोन-तीन मिनिटं पायानं तळ घुसळा. चार-सहा दगड उलटून हातानं चोळा. जे जाळीत येईल ते थोड्या पाण्यासह पांढऱ्या ताटात ओता. बघून झालं की सगळं पुन्हा ओढ्यात सोडा, दगडही होते तसे ठेवा.

ताटात बहुधा तीन शेपट्यांचे, पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले फडफडवणारे किडे दिसले, काही दगडाला चिकटून राहणारे चपटे दिसले, तर मनापासून आनंद माना. या मे-माशीच्या अळ्या. वाळूचे कण चिकटवून घर करणारी आणि त्यातच राहणारी अळी (कॅडिस-माशीची) हीसुद्धा चांगली खूण. या दोघींना भरपूर प्राणवायू लागतो. चतुराची पिल्लं, खेकडे, गोगलगाई मधल्या पायरीवरच्या. बारीक, लालबुंद, वळवळणाऱ्या अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या प्राणवायू कमी असलेल्या गाळातही तगतात. चार-दोन असल्या तर काळजी नको, त्या चांगल्या ओढ्यातही असतात. पण ताटात त्या लाल अळ्या आणि गांडुळासारखे बारीक किडे सोडून काहीच नसेल, तर ओढा आजारी आहे. पाणकिड्यांवरून पाण्याला गुण देणाऱ्या, ब्रिटनमध्ये तयार झालेल्या बीएमडब्ल्यूपी पद्धतीत चपट्या मे-माशीच्या कुळाला 10, लाल अळ्यांच्या कुळाला 2 आणि गांडूळवर्गाला 1 गुण आहे. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचीही अशीच, किड्यांवरून पाण्याला पाच वर्ग देणारी पद्धत आहे.

एकाच जागेवरून निष्कर्ष काढू नका. एक ताट तुमच्या रानाच्या वरच्या अंगाचं, एक खालचं, आणि दोन्ही जागा खळखळत्याच हव्यात. खळखळाट आणि डोह यांतले किडे मुळातच वेगळे असतात. वर दहा प्रकार आणि खाली दोनच, असं दिसलं तर कारण मधल्या पट्ट्यात आहे. ते आपलंच रान असलं तरी वहीत लिहा.

पहाटे एक फेरी मारा. प्राणवायू सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत कमी असतो. त्या वेळी मासे वर येऊन तोंड उघडत असतील आणि दगडांवर हिरव्या शेवाळाचे झुबके असतील, तर युरिया-डीएपी किंवा गोठ्याचं पाणी ओढ्यात उतरत असण्याची शक्यता मोठी. मत्स्यजीवनासाठी लिटरमागे किमान 4 मिलिग्रॅम प्राणवायू हा मंडळाचा निकष आहे.

उपायांतला पहिला आणि बिनखर्ची : फवारणीचा पंप ओढ्यात बुडवून भरू नका, तिथे धुऊ नका. धुतलेलं पाणी त्याच रानात फवारा. डब्यावरचा हिरवा किंवा निळा त्रिकोण बघून निर्धास्त होऊ नका. तो रंग विष तोंडावाटे किंवा कातडीवाटे अंगात गेल्यास किती घातक, यावरून ठरतो. माशांचा त्यात विचार नाही, त्यासाठी आतलं माहितीपत्रक वाचा. काठाची निदान दहा-पंधरा फुटांची पट्टी नांगरू नका. तिथली शेरणी, वाळुंज, करंज तोडू नका. शेरणीची मुळं पुरातही काठ धरून ठेवतात. उन्हाळ्यात डोहात ब्लिचिंग किंवा औषध टाकून मासे मारणाऱ्यांना गावानं एकमतानं थांबवलं पाहिजे, कारण त्यात किडे, खेकडे, माशांची पिल्लं, सगळंच मरतं.

ओढा खोल करून घ्यावा का, असंही काहींनी विचारलं आहे. बारमाही, दगडगोट्यांच्या ओढ्यात माझं स्पष्ट मत ‘करू नये’ असंच आहे. यंत्रानं गोटे उपसले की पाणी साठेल, पण किड्यांचं घर जाईल. गाळानं भरलेल्या कोरड्या नाल्याची गोष्ट वेगळी, तिथे जागा बघून ठरवू.

डासांसाठी गप्पी मासे ओढ्यात सोडू नका. ते बंदिस्त टाक्यांपुरतेच ठेवा.

मासे एकदम मेलेले दिसले तर हात लावण्याआधी फोटो काढा, वेळ लिहा, स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून काठोकाठ भरा, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयाला कळवा. ते मासे घरी शिजवू नका, जनावरांना तिथलं पाणी पाजू नका.