स्कॅन झाल्यावर निगेटिव्ह टाकून द्याव्यात का?

प्रश्न : वडिलांनी १९७५ ते १९९८ मध्ये काढलेल्या फोटोंच्या निगेटिव्ह पत्र्याच्या डब्यात आहेत. काहींना आंबूस वास येतो. सगळ्या स्कॅन करून हार्ड डिस्कवर ठेवल्या, तर मूळ पट्ट्या टाकून दिल्या तर चालतील का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : कृपा करून टाकू नका. आंबूस वास म्हणजे फिल्मचा पाया, म्हणजे ॲसिटेट नावाचं प्लास्टिक, विघटित होऊन त्यातून ॲसेटिक ॲसिड (व्हिनेगरमधलं आम्ल) सुटतंय. उष्णता आणि दमटपणाने हे वाढतं, आणि बंद डब्यात ती वाफ शेजारच्या चांगल्या पट्ट्यांनाही बिघडवते. म्हणून वास येणाऱ्या पट्ट्या आजच वेगळ्या काढा आणि आधी त्याच स्कॅन करा. पुढे त्या आकसून वाकड्या होतात आणि स्कॅनरच्या होल्डरमध्ये बसत नाहीत.

बुरशी दिसली तर पाण्याने धुऊ नका. बुरशीने जिलेटिन, म्हणजे चित्र धरून ठेवणारा थर, खाल्लेलं असतं, ते पाण्यात विरघळतं आणि चित्रच वाहून जातं. धूळ फक्त ब्लोअरने उडवा, पट्टी कडेला धरा.

३५ मिमी पट्टीतली एक फ्रेम ४००० डीपीआयला (दर इंचाला ४००० ठिपके) स्कॅन केली की सुमारे २१ मेगापिक्सेलची फाइल मिळते. १६ बिट रंगीत टिफ (चित्र न दाबता साठवणारी फाइल) म्हणजे एका फ्रेमला साधारण १२८ एमबी. धूळ काढणारी इन्फ्रारेड सोय रंगीत फिल्मला उत्तम, पण कृष्णधवल पट्टीला बंद ठेवा. तिथलं चांदीचं चित्र इन्फ्रारेड अडवतं, त्यामुळे चित्रालाच धूळ समजून ते पुसलं जातं.

नंतर पट्ट्या पॉलिप्रॉपिलीनच्या कव्हरात ठेवा. पीव्हीसीचं कव्हर नको, रबरबँडही नको; रबरातला गंधक चांदीला डाग पाडतो. कोकणातल्या पावसाळ्यात बाजूला सिलिका जेल हवंच.

प्रश्न : मग हार्ड डिस्कवरच्या फाइलींचं काय? – त्याच वाचकांचा उपप्रश्न

उत्तर : नीट ठेवलेली निगेटिव्ह कपाटात वर्षानुवर्षं राहिली तरी उजेडासमोर धरली की दिसते. डिस्क मात्र एक दिवस सुरूच होत नाही. म्हणून तीन प्रती ठेवा : दोन वेगवेगळ्या डिस्कवर, तिसरी दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे किंवा क्लाउडवर. वर्षातून एकदा डिस्क जोडून चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) आधीच्याशी ताडून पाहा, कारण खराब झालेली फाइल नाव आणि आकार तसाच दाखवते. पेन ड्राइव्ह आणि एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) वीज न देता वर्षानुवर्षं ठेवायला योग्य नाहीत. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत साठवणीत धरू नका. फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि तारखेसारखी नोंद गळते.