डीव्हीडी रेकॉर्डरवरचे मालिकेचे भाग डिस्कवर बसवताना सहावा भाग कायम उरतो, काय करावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की हार्डडिस्कवाल्या डीव्हीडी रेकॉर्डरवर आईंनी ठेवलेले मालिकेचे ९० भाग आहेत, जाहिराती काढून एकेक भाग २२ मिनिटांचा झालाय, सगळं एसपी मोडला (म्हणजे एका डिस्कवर दोन तास बसतील अशा दर्जाला) रेकॉर्ड केलेलं आहे, डिस्कवर पाच भाग बसतात आणि सहावा टाकला की मशीन जागा नाही म्हणतंय. एलपीला (चार तास बसतील अशा खालच्या दर्जाला) टाकलं तर बसेल पण चित्र खराब होईल का, हे तुम्हाला विचारायचंय.

मी सांगलीत गावभागात राहतो, आमच्याकडे असंच मशीन २००७ पासून आहे आणि आजीच्या मालिका, टीव्हीवर लागलेली नाटकं, कुस्त्या असं बरंच काही मी त्यावरून डिस्कवर उतरवलंय, म्हणून सविस्तर सांगतो. आधी उत्तर सांगून टाकतो, सहावा भाग बसवायच्या मागं लागू नका. पाचच टाका.

आता का ते बघा. डिस्क ४.७ जीबीची असते (कॉम्प्युटरला लावली तर ४.३८ दाखवतो, कारण तो मोजतो वेगळ्या हिशोबानं, डिस्क खोटी नसते). रेकॉर्डरला भागांची संख्या कळत नाही, त्याला मिनिटं आणि सेकंदाला किती डेटा एवढंच कळतं. एक्सपी किंवा एचक्यू म्हणजे एका डिस्कवर १ तास, एसपी २ तास, एलपी ४ तास, ईपी ६ तास, काही मशीनवर ८. एसपीला सेकंदाला साधारण ५ मेगाबिट पडतात. तुमचे पाच भाग म्हणजे ११० मिनिटं, सहा म्हणजे १३२, आणि डिस्क आहे १२० ची. फक्त १२ मिनिटांनी अडतंय म्हणून जीव तुटतो, मला माहितेय, माझाही तुटायचा.

पण जे एसपीला रेकॉर्ड होऊन हार्डडिस्कवर बसलंय ते आहे तसं हायस्पीडनं डिस्कवर गेलं तर नुसती कॉपी होते, चित्राला काही होत नाही आणि दहा-पंधरा मिनिटांत काम संपतं. तेच सहा भाग बसवायचे म्हटलं की मशीनला सगळं चित्र पुन्हा उलगडून पुन्हा दाबावं लागतं, ते होतं चालत्या वेळेनं, म्हणजे १३२ मिनिटांच्या डिस्कला १३२ मिनिटं मशीन अडकलं, आणि एकदा दाबलेलं परत दाबलं की थोडं तरी जातंच. तुमच्या ९० भागांचा हिशोब केला तर पाच-पाचनं १८ डिस्क लागतात, सहा-सहानं १५. म्हणजे तीन डिस्क वाचवायला ३३ तास मशीन चालवायचं आणि वर चित्रही घालवायचं. मला तरी हे पटत नाही.

आणि ती जी १० मिनिटांची जागा मोकळी राहते ना, ती वाया जात नाही. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे मोकळी राहते ती अगदी बाहेरची कड, आणि बोटं लागतात ती तिथंच, चरे पडतात ते तिथंच, घरच्या डिस्क सगळ्यात आधी अडकायला लागतात त्या पण कडेलाच. मी सुरवातीला काठोकाठ भरलेल्या डिस्क आज शेवटच्या पाच-सात मिनिटांत थांबतात, आणि मालिकेत शेवटची पाच मिनिटंच तर बघायची असतात.

एलपीबद्दल. बऱ्याच मशीनमध्ये एलपीला चित्राची रुंदीच निम्मी होते, ७२० ठिपक्यांऐवजी ३५२. घरातल्या मालिकेत, म्हणजे सोफ्यावर बसून चार माणसं बोलतायत असल्या सीनमध्ये, ते जुन्या टीव्हीवर चालून जातं, पण मी एकदा कुस्तीचं मैदान एलपीला घेतलं होतं आणि पैलवान जागचा हलला की सगळा आखाडा चौकोन चौकोन व्हायचा, माती कुठली आणि माणूस कुठला कळेना. ईपी तर गप्पांचा कार्यक्रम असेल तरच.

मधला रस्ता आहे, पण तो कुठं वापरायचा ते कळायला पाहिजे. बऱ्याच रेकॉर्डरमध्ये एफआर म्हणून मोड असतो, मिनिटं सांगितली की तो स्वतःच हिशोब करून तेवढ्यात बसवतो. नाटक असेल २ तास २० मिनिटांचं तर ते दोन डिस्कवर तोडायला मन होत नाही, आमच्या सांगलीत तर नाहीच, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं ते गाव आहे हे. अशा नाटकाला एफआर लावा, सेकंदाला साडेचार मेगाबिटच्या आसपास येतात आणि एसपीत आणि त्यात डोळ्याला फरक कळत नाही. फक्त हे रेकॉर्ड करतानाच ठरवायचं, नंतर नाही. नवीन काही रेकॉर्ड करणार असाल आणि एका डिस्कवर सहा भाग हवेच असतील तर पहिल्यापासूनच थोडा खालचा मोड घ्या, मग पुन्हा दाबायची पाळी येत नाही आणि कॉपी हायस्पीडनंच होते. काही मशीनमध्ये हायस्पीड कॉपीसाठी रेकॉर्ड करण्याचं वेगळं सेटिंग असतं, ते आधीच चालू नसेल तर साध्या डिस्कवर हायस्पीड मिळतच नाही, तेवढं मेन्यूत बघून घ्या.

डबल लेअरची ८.५ जीबीची डिस्क असते, नऊ भाग बसतील, पण सगळे रेकॉर्डर ती लिहित नाहीत, महाग पडते आणि एक बिघडली की नऊ भाग गेले.

जाहिराती कट करताना एक करा, भाग सुरू व्हायच्या अर्धा सेकंद आधी आणि संपल्यावर अर्धा सेकंद तसाच सोडा. हायस्पीड कॉपीत मशीन हव्या त्या फ्रेमला तोडू शकत नाही, बारा-पंधरा फ्रेमचे गठ्ठे असतात, गठ्ठ्याच्या तोंडाशीच तुटतं, त्यामुळं काठोकाठ कट केलं की शीर्षकगीताचा पहिला सूर तरी जातो नाहीतर साबणाच्या जाहिरातीचं शेपूट राहतं. प्रत्येक भागाच्या सुरवातीला चॅप्टर मार्क टाका, आईंना रिमोटवर नेक्स्ट दाबलं की पुढचा भाग आला पाहिजे.

डिस्क भरली की फायनलाईज (म्हणजे दुसऱ्या प्लेअरलाही वाचता येईल अशी पक्की बंद) करायलाच पाहिजे, नाहीतर ती फक्त तुमच्याच मशीनवर चालेल, आणि ते मशीन गेलं की त्या डिस्क बघायच्या कशावर? आणि लाईटचं बघा. लोडशेडिंगच्या दिवसांत फायनलाईज चालू असताना लाईट गेली आणि माझी नाट्यसंगीताची डिस्क कायमची गेली, तेव्हापासून मशीन इन्व्हर्टरवर घेतलंय.

एक चूक मात्र अजिबात करू नका. रेकॉर्डरमधली हार्डडिस्क काढून कॉम्प्युटरला लावू नका. बहुतेक मशीनची लिहायची पद्धत आपापली असते, विंडोजला ती कळत नाही, मग तो फॉरमॅट करू का असं विचारतो आणि घरातलं कोणीतरी हो म्हणतं. डिस्क मात्र फायनलाईज झाली की कॉम्प्युटरमध्ये सरळ उघडते, त्यातलं व्हिडिओ टीएस नावाचं फोल्डर पूर्ण उचलून एक्स्टर्नल हार्डडिस्कवर ठेवा, हे मी तर आता डिस्कपेक्षाही महत्त्वाचं मानतो, कारण चांगल्या कोऱ्या डिस्क मिळणंच अवघड झालंय, डिस्क बनवणारी मोझर बेअर कंपनी सुद्धा २०१८ ला लिक्विडेशनमध्ये गेली.

डिस्कवर कागदी स्टिकर चिकटवू नका, मार्करनं वरच्या बाजूला लिहा. २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या खालच्या कपाटातल्या डिस्क चार दिवस पाण्यात होत्या. मार्करनं लिहिलेल्या मी साध्या पाण्यानं धुतल्या, मऊ कापडानं मधून कडेकडं सरळ पुसल्या, गोल नाही, आणि त्यातल्या बऱ्याच चालल्या. स्टिकरवाल्यांचा कागद फुगला, सोलताना अर्धवटच निघाला, डिस्क फिरताना थरथरायला लागल्या आणि चालल्याच नाहीत. त्यात आजीच्या मालिकेचे पहिले वीस भाग होते, ते आता कुठं मिळत नाहीत.

म्हणून १८ डिस्कचे दोन संच करा आणि दुसरा संच दुसऱ्या घरी ठेवा, बहिणीकडं, मामाकडं, कुठंही. आणि रेकॉर्डरमधून भाग डिलीट करायच्या आधी प्रत्येक डिस्क दुसऱ्या प्लेअरवर लावून पाचव्या भागाची शेवटची दोन मिनिटं बघा, नुसता मेन्यू आला म्हणून डिलीट मारू नका.