हॅलोवीनच्या कॉकटेलवर खाता येईल अशी भुताटकी सजावट कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की ३१ ऑक्टोबरच्या पार्टीसाठी रत्नागिरीत लाल सिरप आणि साखरेचे डोळे मिळत नाहीत, ऑनलाइन मागवू का. अजिबात नको. कोकणात राहून रक्तासाठी सिरप कसलं मागवताय, घरात कोकमाचं आगळ असेलच ना?

नुसतं आगळ पातळ असतं, काचेवर टिकत नाही. त्यात साखर घालून मंद आचेवर चिकट होईपर्यंत आटवा, गार झालं की ग्लासची कड बुडवून ग्लास सरळ ठेवा, ओघळ आपोआप खाली येतात आणि अर्ध्यावर थिजतात. आगळात मीठ असतंच, कडेला परत मीठ लावू नका. आत फेणी किंवा पांढरी रम, लिंबू, सोडा, झालं.

आता सजावट. २०२४ साली नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी आले होते, सकाळी आम्ही तुळशीपुढे कारीट फोडलं आणि संध्याकाळी चुलतभावाच्या वेंगुर्ल्याच्या होमस्टेवर पाहुण्यांची पार्टी. ड्रिंक्स माझ्याकडे होती, सजावटीला त्याने बाहेरून एक डेकोरेशनवाली आणली होती. मी आत बर्फ फोडत होते, बाहेर येऊन बघते तर प्रत्येक ग्लासात एकेक पांढरं लांब फूल खोचलेलं, दिसायला खरंच भुतासारखं. मागून काकी ओरडली, "धोतरो रे तो, काढ आधी!" धोतऱ्याचं पान, फूल, बी सगळं विषारी, इथल्या पोरालाही माहीत असतं. मी सगळे ग्लास ओतून दिले, धुतले, परत भरले, पाहुणे ताटकळले आणि भाऊ माझ्यावरच चिडला. आजही म्हणतो, फूल काय कोणी खाणार होतं? अरे पण ते दारूत बुडालेलं होतं! आणि तीन पेग झालेला माणूस ग्लासातलं काय काय चावतो ते बारमागे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून प्लॅस्टिकचे कोळीसुद्धा नकोत.

डोळ्यांसाठी जाड मलईचं शहाळं मागून घ्या, बाटलीच्या झाकणाने गोल चकत्या कापा, मधोमध काळी मनुका दाबा. ताडगोळे सगळ्यात भारी, पण ते उन्हाळ्यात. फूलच हवं तर गोकर्ण, निळ्या पाकळ्या गरम पाण्यात टाकून गाळा आणि सगळ्यांसमोर लिंबू पिळा, निळ्याचं जांभळं होतं.

हां, धुरासाठी ड्राय आइस घेणार असाल तर तो उणे ७८ अंशांचा असतो, हाताने धरू नका आणि प्यायच्या ग्लासात तर टाकूच नका, मोठ्या भांड्यात बाजूला ठेवा. पोरांसाठी हेच सगळं सोड्यात करा.

भावाने यंदाही त्याच बाईला बोलावलंय. मी सांगून ठेवलंय, फुलं आधी काकीला दाखवायची, मग ग्लासाजवळ न्यायची, नाहीतर ड्रिंक्स दुसऱ्या कोणाला तरी सांग.