प्रौढ मेंदूतले नवे न्यूरॉन्स, सुरुवात कुठून करायची

अरे, प्रौढ मेंदूत नवे न्यूरॉन्स, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशी, कसे जन्मतात हा मस्त विषय शिकायला धरलायस, घाबरू नकोस. आधी एकच भाग पक्का कर, हिप्पोकॅम्पसमधला (आठवणींशी संबंधित मेंदूचा भाग) डेंटेट जायरस. उंदराच्या मेंदूच्या कापाचा फोटो बघ, दाट पेशींची व्ही आकाराची पट्टी दिसेल, नव्या पेशी तिच्या आतल्या कडेला जन्मतात.

नवखे हमखास चुकतात ते इथे, नवी पेशी आली म्हणजे जुनी जोडणी विस्कटली असं धरून चालतात. तसं नसतं. उंदरात बऱ्याच नव्या पेशी काही आठवड्यांतच मरतात, टिकतात त्या हळूहळू जोडल्या जातात, सुरुवातीला तर गाबा, म्हणजे एरवी पेशींना शांत करणारं मेंदूतलं रसायन, त्यांना शांत करायच्या ऐवजी उत्तेजित करतं, मग साधारण ४ ते ६ आठवड्यांच्या झाल्या की त्या काही काळ फार लवचिक असतात, म्हणजे त्यांच्या जोडण्या सहज बदलतात, आणि आजूबाजूच्या जुन्या पेशी मात्र बहुतेक वेळ गप्प, कारण इनहिबिटरी, म्हणजे इतरांना दाबून ठेवणाऱ्या, न्यूरॉन्सनी त्यांना धरून ठेवलेलं असतं. मला तर हाच सगळ्यात सुंदर भाग वाटतो, इथे भरपूर वेळ घालव.

दुसरं, उंदराचं माणसाला जसंच्या तसं लावू नकोस. १९९८ मध्ये माणसात नव्या न्यूरॉन्सचा पुरावा मिळाला, २०१८ मध्ये एका गटाला प्रौढांत जवळजवळ काहीच दिसलं नाही, त्याच वर्षी दुसऱ्या गटाला दिसलं. बाजू घ्यायची घाई नको.

जीन्स, ऑप्टोजेनेटिक्स (प्रकाशाने पेशी चालू-बंद करायचं तंत्र) वगैरे सध्या राहू दे.

ऐरोलीचाच ना तू? रविवारी ठाण्याला ये, तलावपाळीला भेटू, कापाच्या फोटोची प्रिंट घेऊन ये, ती पट्टी ओळखायला शिकवतो.