उमेदवाराच्या गळ्यात खडीची माळ घातली तर बिघडलं कुठं?

तुमचा बेत मला कळला तो असा: माजी नगरसेवक पुन्हा उभे आहेत, रविवारी त्यांची प्रचारफेरी सोसायटीत येणार. रस्त्यातल्या खड्ड्यांचा निषेध म्हणून झेंडूच्या हाराआड रस्त्यावरची खडी ओवून ठेवायची, गळ्यात घालायची आणि रील काढायचं. वाचून हसलो, खोटं कशाला बोलू. पण करू नका.

मी दोन निवडणुकांत पुण्याच्या पेठांमधल्या प्रचारफेऱ्यांची व्यवस्था पाहिली आहे. कुठल्या पक्षाची ते सोडा. उमेदवाराच्या शेजारून चालणाऱ्याचं काम एकच, लोकांच्या हातांकडे बघत राहणं. हार नको तितका जड दिसला, तर त्याच्या डोक्यात तुमचे खड्डे येत नाहीत. २१ मे १९९१ ला श्रीपेरंबुदूरच्या प्रचारसभेत राजीव गांधींच्या जवळ पोचलेली बाई हार घेऊनच आली होती. झेंडूखाली खडी आहे की आणखी काही, हे ठरवायला त्याच्याकडे दोन सेकंद असतात, आणि तुमचा विनोद तर त्याला कळू न देण्यावरच उभा आहे.

डोळ्यांदेखत घडलेलं सांगतो. नारायण पेठेतला अरुंद बोळ, संध्याकाळची फेरी. वरच्या गॅलरीतून दोन पोरांनी पार्टी पॉपर उडवला, वाढदिवसाला उडवतात तोच, चमकीचा. फट्कन आवाज झाला. अंगरक्षकानं उमेदवाराला मागं खेचलं, मागची गर्दी पुढं आली आणि औक्षणाचं ताट घेऊन दारात उभ्या असलेल्या काकू भिंतीवर आपटल्या. निरांजन पदरावर पडलं. पदर कुणीतरी हातानंच विझवला, पण मनगट मोडलं ते मोडलंच. उमेदवाराच्या कुडत्यावर थोडी चमकी, बाकी काही नाही. ती झटकून तो पुढच्या वाड्यात गेला. काकू दीड महिना प्लास्टरमध्ये.

डिसेंबर २०२२ मध्ये चिंचवडला मंत्री चंद्रकांत पाटलांवर शाई फेकली गेली, ते आठवत असेल. शाळांबद्दलच्या विधानावरून लोक चिडले होते. शाई फेकणाऱ्यांवर आधी चक्क खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलं, नंतर ते मागं घेतलं गेलं. बंदोबस्तावरचे पोलीस मात्र निलंबित झाले. पुढं मंत्री फेस शील्ड लावून कार्यक्रमाला आले आणि बातमी झाली ती शील्डची. मूळ विधान राहिलं बाजूला. तुमच्या खड्ड्यांचंही तेच होईल, वर उमेदवाराला सहानुभूती फुकटात.

(ब्रिटनमध्ये २०१९ ला उमेदवारांवर मिल्कशेक ओतायची टूम निघाली होती. एडिंबरात ब्रेक्झिट पार्टीचे नेते नायजेल फराज यांच्या सभेजवळच्या मॅकडोनाल्ड्सला मिल्कशेक विकू नका, असं पोलिसांनी सांगितलं. म्हणजे शिक्षा गिऱ्हाइकाला.)

योग्य की अयोग्य, हेही विचारलंत. पुढाऱ्याची टर उडवणं मला मुळीच वाईट वाटत नाही. पाट्या लावणाऱ्या गावाला ते कोण शिकवणार? माझी हरकत अंगाला हात लावण्यावर आहे. समोर बाई उमेदवार असती तर तिच्या गळ्यात न सांगता खडी घातली असतीत का? कचरला असतात ना? मग पुरुषाच्या बाबतीतही कचरायला हवं.

आणि फेरीऐवजी सभेत शिरून गोंधळ घालायचं डोक्यात असेल, तर तेही नको. विधानसभा-लोकसभेच्या निवडणुकीत अशा गोंधळाला लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७ लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पालिकेच्या निवडणुकीला हे कलम लागू नाही, पण म्हणून मोकळीक आहे असं समजू नका. त्यांच्या घरासमोर निदर्शनंही नकोत, आचारसंहितेत तीही बसत नाहीत.

हार ओवून झालाच असेल तर गेटसमोरच्या खड्ड्याला घाला. भोवती रांगोळी काढा, ‘कार्यसम्राटांच्या कृपेने’ अशी पाटी लावा आणि उमेदवाराला हात जोडून नारळ फोडायची विनंती करा. सोसायटीच्या चेअरमनना आणि फेरीबरोबरच्या हवालदारांना मात्र आदल्या दिवशीच सांगून ठेवा. नारळही त्यांना आधी दाखवा.