‘एकच पावडर दोनदा का करायची?’

प्रश्न : भूमजवळ माझी खव्याची भट्टी आहे. मुलगी छत्रपती संभाजीनगरला एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला झिंक फेराइटची (जस्त नि लोखंडाच्या ऑक्साइडची) एकच पावडर दोन पद्धतींनी करते म्हणे. यात पुढं काही आहे, की बी.एड.ला घालू?

उत्तर : दादा, आच चुकली तर खव्याचं काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. मुलगी तेच शिकते आहे.

जस्ताचं आणि लोखंडाचं ऑक्साइड तासन्‌तास खलात घोटून 1000 अंशांच्या वर भाजलं, की मोठ्या दाण्यांचा फेराइट मिळतो. दुसऱ्या पद्धतीत जस्त-लोखंडाची नायट्रेटं (क्षार) आणि सायट्रिक आम्ल पाण्यात विरघळवून, अमोनिया घालून आटवत नेतात. चिकट जेल होतं आणि तापता तापता आपोआप पेट घेतं. मी विद्यार्थी असताना पहिल्यांदा केलं, तेव्हा ठिणगी जेलमधून सरकत गेली नि राख फुगून बीकरबाहेर आली, निम्मी टेबलावर! ही राख 500-600 अंशांवर भाजली, तरी कण नॅनोमीटरमध्येच, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागांत मोजण्याइतके बारीक राहतात.

सूत्र दोन्हींचं एकच. तरी साध्या तापमानाला पहिली पावडर चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही, दुसरी ओढली जाते. इतक्या बारीक कणांत जस्ताचे नि लोखंडाचे काही अणू एकमेकांच्या जागा घेतात, म्हणून हा फरक.

नॅनो तेच भारी, असं मात्र नाही. मोबाइल चार्जरमधल्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा मँगनीज-झिंक फेराइटचा असतो. तो घट्ट लागतो, आणि तिथं भट्टीची जुनीच पद्धत चालते.

आता पोटापाण्याचं. नुसती पावडर करणाऱ्याला कुणी विचारत नाही. एक्स-रे डिफ्रॅक्शनचा (पावडरीतल्या अणूंची मांडणी दाखवणारा) आलेख स्वतः वाचता येतो का, की मशीनवाल्यानं दिलेला चिकटवते, हे तिला विचारा. येत असेल तर नेट आणि गेट या परीक्षा द्याव्यात. नेटमधून जेआरएफ, म्हणजे पीएच.डी.साठीची फेलोशिप मिळाली तर महिना 37,000 रुपये, वर घरभाडं. पुण्याचं सी-मेट आणि हैदराबादचं एआरसीआय ही सरकारी संशोधन केंद्रं, कोलकात्याची केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था, इथं असलंच काम चालतं. फेलोशिप नसेल तर पीएच.डी.त अडकू देऊ नका. पाच-सहा वर्षं कशी जातात कळत नाही.

बी.एड. दोन वर्षांनीही करता येईल. नेटची तयारी विषय ताजा आहे तोवरच बरी.

सुट्टीला येताना तिला दोन्ही पावडरींची चिमूट-चिमूट आणि एक चुंबक आणायला सांगा. भट्टीपाशी बसून तिच्याकडून समजून घ्या. तिला नीट सांगता आलं, तर मला पुन्हा लिहायची गरज पडणार नाही.