वाचक विचारतात : नागपूरच्या उन्हात शाळा थंड ठेवायची कशी?

प्रश्न : आमची शाळा मानेवाड्यात आहे, दोन मजली. वरच्या मजल्याची मार्चपासूनच नुसती भट्टी होऊन राहिली. सकाळची शाळा केली तरी अकराच्या पुढे मुलं बाकावर डोकं टेकवून बसतात, शिकवणार कोणाला? संस्थाचालक म्हणतात वरच्या सहा खोल्यांना एसी लावून टाकू, पालकांकडून थोडे जास्त घेऊ. मला पटत नाही, पण त्यांना दुसरं काय सुचवू ते कळत नाही.
– एक मुख्याध्यापिका

उत्तर : मॅडम, तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे. वरच्या मजल्याचा प्रॉब्लेम हवेचा नाही, स्लॅबचा आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे भर दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो त्यामुळे भिंतींपेक्षा गच्चीच जास्त तापते, चार-पाच इंची काँक्रीट दिवसभर ऊन शोषून घेतं आणि तिसऱ्या प्रहरापासून तीच उष्णता खाली खोलीत सोडायला लागतं, रात्रभर सोडत राहतं, म्हणून तर सकाळी सातला शिपाई कुलूप उघडतो तेव्हासुद्धा आतून गरम वाफ अंगावर येते. आता अशा छताखाली एसी लावायचा म्हणजे वरून ऊन आत येऊ द्यायचं आणि खालून पैसे देऊन बाहेर काढायचं. हिशेब करून बघा नं. पंचेचाळीस मुलांच्या खोलीला दीड टनाचे दोन तरी लागतील, सहा खोल्यांचे बारा, एकेक साधारण दीड किलोवॅटचा धरला तर अठरा किलोवॅटचा नवा लोड, म्हणजे महावितरणकडे लोड वाढवा, वायरिंग बदला, आणि बिल वेगळं. शिवाय एक गोष्ट कोणी सांगत नाही, स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही, तीच ती हवा फिरवतो. दारं-खिडक्या बंद आणि आत पंचेचाळीस पोरं, तर तासाभरात कार्बन डायऑक्साइड इतका वाढतो की थंडगार खोलीतही मुलं जांभयाच देतील.

त्यापेक्षा आधी गच्ची पांढरी करा. सगळ्यात स्वस्त म्हणजे चुना. फेब्रुवारीच्या शेवटी गच्ची घासून धुवायची, शेवाळ खरवडून काढायचं, भेगा बुजवायच्या, मग विरवलेला चुना गाळून त्यात थोडं व्हाइट सिमेंट आणि फेविकॉल घालून दोन हात मारायचे, पहिला आडवा, दुसरा उभा. हे पावसात धुऊन जातं, दरवर्षी करावं लागतं, ते गृहीतच धरा. जरा बजेट असेल तर कूल रूफचा पेंट घ्या, पण दुकानदाराला डब्यावरचा एसआरआय, म्हणजे पेंट ऊन किती परतवतो त्याचा आकडा दाखवायला सांगा, चांगल्या पांढऱ्या पेंटचा तो शंभरच्या आसपास असतो, आकडाच नसेल तर साधा पेंट महाग भावात विकतोय समजा. आणि एकदाच खर्च करून सुटायचं असेल तर पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचं चायना मोझॅक, त्यात वॉटरप्रूफिंगही होऊन जातं. गळतीसाठी म्हणून काळं डांबरी शीट मात्र कोणाचंही ऐकून टाकू नका, आधीच टाकलेलं असेल तर त्याच्यावर पांढरं मारून घ्या. एवढ्यानं खोलीत दोन ते पाच अंशांचा फरक पडतो. नागपूरची धूळ तुम्हाला माहीतच आहे, एकदोन वादळं झाली की पांढरी गच्ची मातकट होते, तेव्हा मधूनमधून झाडून-धुऊन घ्यायला सांगा नाहीतर निम्मा फायदा गेला.

प्रश्न : हिंगणा रोडवर आमच्या संस्थेची नवी शाळा होऊ घातली आहे. रस्ता प्लॉटच्या पश्चिमेला येतो. आर्किटेक्टने समोरून पूर्ण काच आणि एसीपी (ॲल्युमिनियमचे चकचकीत पॅनल) दाखवलं आहे, म्हणतात काच एनर्जी सेव्हिंग आहे आणि ॲडमिशनलाही फरक पडतो. कमिटीत दोन तट पडले आहेत. तुमचं मत काय?
– संस्थेचे सचिव

उत्तर : भाऊ, पश्चिमेला काच? नागपुरात? शाळा साडेदहा ते पाच असेल तर दुपारचे सगळे तास त्या काचेमागे ऊन खात जातील. काच कितीही चांगली असली तरी ऊन काचेवर पडायच्या आधी अडवणं आणि पडल्यावर अडवणं यात फार फरक आहे. दोन दिवसांत पडदे लागतील, पडदे लागले की दिवसाढवळ्या ट्यूबलाइट, आणि मग ती काच कशासाठी लावली होती ते कोणालाच आठवणार नाही.

इमारत फिरवा. लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंडाच्या, आखूड बाजू पूर्व-पश्चिम. रस्ता पश्चिमेला आहे म्हणून वर्गही पश्चिमेलाच तोंड करून बसले पाहिजेत असं काही नाही, गेट आणि नाव रस्त्याकडे असू द्या. पश्चिमेच्या अंगाला जिना, स्टोअर, संडास-बाथरूम टाका, म्हणजे मुलांच्या आधी तापायला दुसरं काहीतरी मध्ये येईल. दक्षिण बाजू सोपी असते, लोक उगाच घाबरतात. आपण 21 अक्षांशावर, त्यामुळे 21 मार्चच्या सुमारास दुपारी बाराला सूर्य क्षितिजापासून 69 अंशांवर असतो, म्हणजे दोन फुटांचा छज्जा खाली पाच फुटांपर्यंत सावली देतो, अख्खी खिडकी झाकली. डिसेंबरात सूर्य 45 अंशांपर्यंत उतरतो तेव्हा तोच छज्जा जेमतेम दोन फूट झाकतो आणि खालून कोवळं ऊन आत येतं, जे आपल्या थंडीत हवंच असतं. पश्चिमेला हा हिशेब चालत नाही कारण चारच्या सुमाराला ऊन तिरपं येतं, छज्जा चार फुटांचा केला तरी आत घुसतंच, तिथे जाळी नाहीतर व्हरांडाच पाहिजे. उत्तरेलाही छोटा छज्जा ठेवा, मेच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी त्यातच सुरू होतात.

आता खिडक्या. ड्रॉइंगमध्ये ॲल्युमिनियमच्या सरकत्या असतील, मी न बघता सांगतो. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी निम्म्याच्या वर उघडत नाही, म्हणजे पैसे सहा फुटांचे आणि हवा तीन फुटांची. पल्ल्याच्या खिडक्या घ्या, पूर्ण उघडतात. समोरासमोरच्या दोन्ही भिंतींना घ्या, आणि वर छताजवळ झरोके ठेवा, गरम हवा वरूनच निघते. उजेडाचं असं आहे की खिडकीचा माथा जमिनीपासून जितका उंच त्याच्या साधारण दुप्पट-अडीचपट तो आत पोचतो, माथा सात फुटांवर असेल तर पंधरा-सतरा फूट, म्हणजे चोवीस फुटी वर्गात एकाच भिंतीला खिडक्या ठेवल्या तर पलीकडच्या बाकांना दिवसभर लाइटच लावावा लागणार. मुख्य उजेड मुलांच्या डाव्या हाताला यावा, लिहिताना हाताची सावली वहीवर पडत नाही. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळा आठवा, लांब व्हरांडा, उंच छत, वर कवेलू. त्या बांधणाऱ्यांनी ग्रीन बिल्डिंग हा शब्दही ऐकला नव्हता.

विटांसाठी लांब जायची गरज नाही, कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख इथेच आहे, त्या राखेच्या, म्हणजे फ्लाय ॲशच्या विटा वापरा. गवंडी तयार असेल तर रॅट ट्रॅप बॉन्डनं भिंत बांधून घ्या, आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत रुजवली, यात विटा उभ्या लावतात, मध्ये पोकळी राहते, विटा साधारण पाव हिश्शाने कमी लागतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. नागपूरच्या गवंड्याला सवय नसते, आधी एक कंपाउंडची भिंत करून घ्या मग वर्गाला हात लावा. आणि कमिटीतल्या काचवाल्या तटाला एकदा सेवाग्रामला घेऊन जा, दीड-दोन तासांचा रस्ता. गांधीजींची 1930च्या दशकातली माती-बांबू-कवेलूची बापू कुटी आहे तिथे, मेच्या दुपारी आत दहा मिनिटं बसू द्या. तुम्ही कवेलूची शाळा बांधा असं मी म्हणत नाहीये, नुसतं बसू द्या.

कायद्याच्या भरवशावर राहू नका. ऊर्जा बचतीची इमारत संहिता शंभर किलोवॅट किंवा जास्त लोडच्या इमारतींसाठी आहे, तुमची शाळा त्यात येईलच असं नाही. तेव्हा आर्किटेक्टला तुम्हीच विचारायचं, एप्रिलमध्ये दुपारी चारला या वर्गात ऊन कुठपर्यंत येतं ते काढून दाखवा. दाखवता आलं नाही तर तट मिटला समजा.

प्रश्न : मुलाच्या शाळेनं सोलर बसवायचं ठरवलंय, पालकांकडून वर्गणी मागून राहिले. बिल झिरो होते म्हणतात, सबसिडीही मिळते म्हणे. खरं आहे का?
– एक पालक, नंदनवन

उत्तर : ‘पीएम सूर्यघर’वाली सबसिडी घरांसाठी आहे, शाळेला नाही, ते आधी क्लिअर करून घ्या. बाकी सोलर चांगलंच आहे. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी गच्ची लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. शाळेला एक फायदा असा की मेमध्ये ऊन भरपूर आणि शाळा बंद, नेट मीटरिंग असेल तर तेव्हाची जास्तीची वीज खात्यात जमा होते आणि पुढच्या महिन्यांत वळती होते. पण वर्गणी द्यायच्या आधी विचारा, पंखे कोणते आहेत? जुना पंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या नव्या मोटरचा पंखा 30. एका वर्गात चार पंखे, दिवसाला सहा तास, दोनशे दिवस, म्हणजे वर्षाला दोनशेच्या वर युनिट एका वर्गात वाचतात, वीस वर्ग धरले तर चार हजारांच्या वर. तीन किलोवॅटचं सोलर वर्षाला जवळपास तेवढंच देईल. आधी पंखे बदला, मग उरलेल्या गरजेपुरतं सोलर लावा, वर्गणीही कमी लागेल. आणि पाण्याच्या टाकीची सावली पॅनलवर पडत नाही ना तेवढं बघून घ्या.

प्रश्न : शाळेभोवती सावलीसाठी कोणती झाडं लावावी? गुलमोहर लवकर वाढतो म्हणून तोच लावतोय.
– एक शिक्षक, कामठी

उत्तर : गुलमोहर नको सर. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर तो बोडका असतो आणि मान्सूनपूर्व वादळात फांद्या मोडतात, खाली मुलं खेळतात. कडुलिंब आणि करंज लावा, दोघांना एप्रिलपर्यंत नवी पालवी आलेली असते. पश्चिमेला लावा, भिंतीपासून पंधरा-वीस फूट लांब, आपली काळी माती मुळांनी पाणी ओढलं की आकसते आणि पाया हलतो. मेमध्ये शाळा बंद असताना पाणी कोण घालणार हे नाव घेऊन ठरवा, रोपं नंतर आणा.

प्रश्न : उन्हाळ्यात कूलर मस्त चालतो, पण जुलैत वर्गात चिकचिक होते. काहून?
– सातवीतली एक विद्यार्थिनी

उत्तर : कूलर पाण्याची वाफ करून हवा थंड करतो. जुलैत हवाच दमट असते, आणखी वाफ मावत नाही, मग नुसता ओलावा वाढतो. पाऊस लागला की पंप बंद करायला सांग, सगळ्या खिडक्या उघडा आणि पंखे चालू ठेवा. कूलरची टाकी मात्र रिकामी करून कोरडी पुसायला सरांच्या मागे लाग, डेंग्यूचे डास तिथेच अंडी घालतात.